वूश्या बघायला शिकताना: तलवारीआधी हात बघा

शूलियेन चहा पिता पिता पेला मुद्दाम हातातून सोडते. समोर बसलेली खानदानी घरातली, लग्न ठरलेली मुलगी तो जमिनीला टेकायच्या आत झेलते. दोघी काहीच बोलत नाहीत, पण त्या एका झेलण्यात मुलीचं गुपित फुटलेलं असतं. या नाजूक हातांना शस्त्रविद्या येते, आणि रात्री छपरांवरून पळालेला बुरखाधारी चोर हीच असणार, हे शूलियेनला कळतं. आपण पकडलो गेलो, हे मुलीलाही कळतं. यानंतर दोघी एकमेकींशी जितक्या गोड बोलतात, तितका तो प्रसंग धारदार होत जातो.

हा प्रसंग आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (2000) या चित्रपटातला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो माझ्या हातून निसटला होता, कारण मी पुढच्या लढाईची वाट बघत होते. दुसऱ्यांदा पाहताना पेल्याकडे लक्ष गेलं आणि आपण आजवर हे चित्रपट चुकीच्या ठिकाणी बघत होतो असं वाटलं. चिनी पोशाखी युद्धपट किंवा मालिका बघायला घेतल्या आणि 'माणसं फार उडतात' म्हणून तिसऱ्या भागात सोडून दिल्या, अशांसाठी हा लेख आहे. सोडू नका. फक्त बघायची रीत थोडी बदला.

पहिली पायरी: मालिकेने सुरुवात करू नका

या प्रकाराला वूश्या म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला. 'श्या' म्हणजे दिलेला शब्द पाळणारा, दुबळ्याच्या बाजूनं उभा राहणारा आणि त्यासाठी राजसत्तेचीही पर्वा न करणारा वीर. चाळीस-पन्नास भागांच्या मालिकेत पात्रं इतकी आणि नावं इतकी सारखी वाटतात की नवख्या माणसाचा सगळा जीव 'हा कोण, तो कुणाचा' यातच जातो. अभिनय बघायला उसंत राहत नाही.

म्हणून आधी एक चित्रपट निवडा आणि तोच दोनदा बघा. माझा आग्रह वर सांगितलेल्या चित्रपटाचाच आहे. त्यात ठळक पात्रं मोजकी आहेत आणि प्रत्येकाची चालण्याची, उभं राहण्याची पद्धत वेगळी आहे. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. इंग्रजी उपशीर्षकांत त्या तरुण मुलीला जेन म्हटलेलं असतं, पण तिचं चिनी नाव यू ज्याओलोंग. नावातल्या 'लोंग'चा अर्थ ड्रॅगन. तिच्या प्रियकराच्या नावातल्या 'हू'चा अर्थ वाघ. शीर्षकातले दडलेले प्राणी हे असे नावांतच बसलेले आहेत.

दुसरी पायरी: नाती आपल्या भाषेत आणा

ही सगळी माणसं ज्या जगात वावरतात त्याला 'ज्यांगहू' म्हणतात. शब्दाचा अर्थ नद्या आणि सरोवरं. त्यात भटके योद्धे, मालाच्या तांड्यांना संरक्षण देणाऱ्या पेढ्या, मठ, दरोडेखोर, वैद्य, खाणावळवाले असे सगळे येतात. सरकारी कायद्याच्या पलीकडचं हे जग शब्दावर आणि गुरुपरंपरेवर चालतं.

इथेच मराठी प्रेक्षकाला एक सोय आहे. 'शिश्योंग', 'शिमेई' हे शब्द इंग्रजी उपशीर्षकांत नुसते ब्रदर आणि सिस्टर होतात, आणि मग त्या दोघांनी प्रेमात पडणं विचित्र वाटतं. आपल्याकडे गुरुबंधू आणि गुरुभगिनी हे शब्द आहेत. शिश्योंग म्हणजे थोरला गुरुबंधू आणि शिमेई म्हणजे धाकटी गुरुभगिनी. 'शिफू' म्हणजे गुरू, पण ज्याच्या घरात राहून शिकलो आणि ज्याच्या मृत्यूचा बदला घेणं आपल्यावर येतं, असा. ही नाती मनात बसली की कोण कुणापुढे किती वाकतो आणि कोण मुद्दाम वाकत नाही, ते दिसू लागतं.

अभिवादनही बघून ठेवा. उजव्या हाताची मूठ, तिच्यावर डावा तळवा, दोन्ही हात छातीसमोर. हा नमस्कार शेकडो वेळा येतो. मूठ किती वर आहे, मान किती झुकली आहे, डोळे समोरच्यावर आहेत की जमिनीकडे, एवढ्यावरून आदर, तिरस्कार, भीती आणि आव्हान यांतला फरक नट दाखवतात.

तिसरी पायरी: उडण्याचा नियम समजून घ्या

या माणसांना पंख नाहीत. त्यांच्याकडे 'छिंगकोंग' म्हणजे शरीर हलकं करण्याची विद्या आहे, असा संकेत आहे. त्यांना पाय टेकायला काहीतरी लागतं, मग ते कौल असो, भिंत असो, पाण्याचा पृष्ठभाग असो की बांबूचा शेंडा. संकेत मान्य करायचा असतो. स्त्रीपार्टी नटांच्या काळात बालगंधर्व भामिनी म्हणून आले की प्रेक्षक त्यांच्याकडे भामिनी म्हणूनच बघत. तीच तयारी इथे ठेवा. या चित्रपटांत तरुणी पुरुषी अंगरखा घालून खाणावळीत शिरते आणि तिथल्या कुणालाच ती बाई वाटत नाही, तेही याच न्यायानं.

प्रत्यक्षात नट तारांवर टांगलेले असतात. चिनी चित्रीकरणात या तारांना 'वेइया' म्हणतात आणि हा शब्द इंग्रजी वायरवरूनच आलेला आहे. पट्ट्यांनी जखडलेलं शरीर, खाली तारा ओढणारी माणसं, आणि चेहऱ्यावर मात्र कसलाही ताण दिसू द्यायचा नाही, असं हे काम आहे. ते पारखायचं असेल तर उडी बघू नका, उतरणं बघा. जमिनीला पाय लागल्यावर गुडघे कसे मुडपतात आणि त्यानंतर नजर आधी कुठे जाते, ते बघा.

आता त्याच चित्रपटातला छपरांवरचा पहिला पाठलाग लावा. चोर पुन्हा पुन्हा वर झेपावू बघतो आणि शूलियेन त्याला पुन्हा पुन्हा खाली खेचते, त्याच्या पायावर पाय देते. तान दुन यांच्या संगीतातले ढोल तेवढे वाजत असतात. ज्याओलोंगला सगळ्या बंधनांतून वर सुटायचंय आणि शूलियेनचं सगळं आयुष्य कर्तव्याच्या जमिनीवर उभं आहे. चोराचा चेहरा बुरख्याआड असताना, फारसं कुणी न बोलता, दोघींचे स्वभाव आपल्यापुढे मांडून झालेले असतात.

चौथी पायरी: वेष वाचा, पण त्यातच अडकू नका

यावर पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून मी थोडक्यात सांगते. चीनमध्ये पांढरा हा सुतकाचा रंग आहे. बांधलेला अंबाडा ही शिस्त आहे, आणि मोकळे केस बहुधा शोक, वेड किंवा एकांत सुचवतात. 'हीरो' (2002) या चित्रपटात झांग यिमोऊ यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सांगितली आहे आणि प्रत्येक रूपाला एक रंग दिला आहे. लाल रंगात मत्सराची कहाणी आहे, निळ्यात राजाची कल्पना, पांढऱ्यात सत्य आणि हिरव्यात आठवण. वेष एमी वाडा या जपानी वेशभूषाकारांचे आहेत. रंगाची भाषा शिकायला याहून सोपं पुस्तक नाही.

पण मला रंगापेक्षा कापडाचं ओझं महत्त्वाचं वाटतं. ज्याओलोंगचा घरातला जरतारी मांचू पोशाख, रात्रीचा काळा वेष आणि नंतर खाणावळीतला पुरुषी अंगरखा ओळीनं बघा. पहिल्यात तिचे खांदे आवळलेले आहेत आणि पावलं छोटी आहेत. काळ्या वेषात पाठ सैल होते. पुरुषी वेषात ती पाय पसरून बसते आणि हनुवटी वर करते. वेष बदलला की झांग झीयी शरीरच बदलते, आणि तेच या भूमिकेतलं मोठं काम आहे.

पाचवी पायरी: आवाजापेक्षा शरीरावर विश्वास ठेवा

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेच्या जुन्या चित्रपटांत संवाद नंतर मुद्रित केले जात. आजच्याही अनेक चिनी मालिकांत पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज व्यावसायिक स्वर-कलाकाराचा असतो. 'क्राउचिंग टायगर'मध्ये आवाज नटांचेच आहेत, पण शूलियेन झालेल्या मिशेल योह मलेशियाच्या आणि नायक चाऊ युन-फॅट हाँगकाँगचे, त्यामुळे मँडरिन दोघांचीही मायबोली नव्हती, आणि त्यांच्या उच्चारांवर चिनी प्रेक्षकांनी टीकाही केली. म्हणून अभिनयाचा निवाडा आवाजावर करू नका. आपल्या नाट्यशास्त्रात ज्याला आंगिक अभिनय म्हटलं आहे, तो इथे मुख्य आहे.

याला कारणही आहे. चेंग पेई-पेई, मिशेल योह आणि झांग झीयी या वूश्यातल्या तीन मोठ्या अभिनेत्री मूळच्या नृत्य शिकलेल्या आहेत. चेंग आणि योह बॅले शिकल्या होत्या आणि झांग बीजिंगच्या नृत्यविद्यालयात. त्यांची तलवार मनगटातून न निघता कमरेतून निघते, आणि वार संपल्यावरही शरीराची रेघ तुटत नाही. जेट ली यांचं उलट आहे. ते वूशूचे, म्हणजे चिनी युद्धकलेच्या खेळाचे, राष्ट्रीय विजेते होते. त्यांच्या हालचालीत काटकसर दिसते, काम झालं की हात लगेच जागेवर येतो. दोन्ही रीती एका संध्याकाळी लागोपाठ बघितल्या तर फरक सहज कळतो.

शरीराच्या या भाषेची दुसरी मुळं पेकिंग ऑपेरात, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्यात, आहेत. 'क्राउचिंग टायगर'च्या लढाया बसवणारे युएन वू-पिंग हे ऑपेरा-नटाचे चिरंजीव. ऑपेरात 'ल्यांगश्यांग' नावाची रीत आहे. नट वेगात प्रवेश करतो किंवा वार करतो आणि तालाच्या शेवटच्या ठोक्यावर एकदम थिजतो, नजर रोखतो. त्या थिजण्यातच पात्राची ओळख पटते. कोकणात दशावतार पाहिलेल्यांना हे परकं वाटणार नाही. तिथेही तलवारी घेतलेले दोन वीर मृदंग-झांजेच्या ठेक्यावर फिरतात, वार होतात, आणि सम आली की पवित्रा धरून उभे राहतात. पवित्रा हा शब्दच वूश्या बघताना मनात ठेवावा. वार सगळेच करतात, माणूस पवित्र्यात दिसतो.

सहावी पायरी: लढाईतलं भांडण ऐका

इथे जरा थांबूया, कारण सगळा खेळ इथे आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात ज्याओलोंग शूलियेनच्या घरी येते. शूलियेनची वडिलोपार्जित पेढी आहे, तांड्यांना संरक्षण देणारी. ती या मुलीला धाकट्या बहिणीसारखं जवळ करते, मग दोघींचं बिनसतं आणि तालमीच्या चौकात दोघी एकमेकींसमोर उभ्या राहतात. ज्याओलोंगच्या हातात चोरलेली 'हिरवी नियती' ही तलवार आहे, जी समोरचं कुठलंही पातं कापते. शूलियेनजवळ मात्र भिंतीला लावलेली घरची शस्त्रं आहेत.

हा प्रसंग तीन वेळा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा, आवाजासकट.

दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि फक्त शूलियेनचे हात बघा. ती जोड-तलवारी घेते, भाला घेते, आकडेदार तलवारी घेते. प्रत्येक शस्त्राला पकड वेगळी, कंबरेची उंची वेगळी, अंतर वेगळं. एक शस्त्र इतकं जड असतं की ते उचलतानाच तिचा तोल जातो, आणि त्या क्षणी प्रेक्षागृहात हमखास हसू येतं. भांडण इतकं जिवावर आलेलं असताना हे हसू कशाला? मला वाटतं, त्यातून तिचं वय आणि तिचं माणूसपण दिसावं म्हणून. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं कमावलेली विद्या एकेक करून तिच्या हातातून तुटून पडते आहे, तरी ती पुढचं शस्त्र उचलते. शूलियेनचं सगळं आयुष्य असंच आहे. जे हवं ते मिळालं नाही, तेव्हा जे हाती होतं ते तिनं नीट पेललं. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच मिशेल योह यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली होती, हे माहीत असलं की त्या पायांकडे बघताना आदर आणखी वाढतो.

तिसऱ्यांदा फक्त ज्याओलोंगचा चेहरा बघा. तिला शस्त्र बदलावं लागत नाही, आणि म्हणून तिला काही शिकावंही लागत नाही. प्रत्येक पातं कापल्यावर तिच्या डोळ्यांत जी चमक येते ती विजयाची कमी आणि हट्टाची जास्त आहे. शेवटी शूलियेन तुटक्या तलवारीचं टोक तिच्या गळ्याला लावते आणि थांबते. मारता आलं असतं, मारत नाही. त्या थांबण्याचा फायदा घेऊन ज्याओलोंग तिच्या दंडावर वार करते.

इथे चित्र थांबवा. एकीच्या चेहऱ्यावर जखमेपेक्षा जास्त दुखावलेपण आहे. दुसरीचा वार लागलाय, पण जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर नाही. दोघींमधलं थोरली-धाकटीचं नातं त्या एका वारानं तुटलं, आणि ते तुटल्याचं आपल्याला कुणी शब्दांत सांगत नाही.

कुठलीही लढाई बघताना तीन गोष्टी विचारायची सवय लावा. मागे कोण सरतं? थांबायची संधी कोण देतं? आणि लढाई संपल्यावर कोण बदललेलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती लढाई फक्त कसरत होती, पुढे सरकवली तरी चालेल. चांगल्या दिग्दर्शकाकडे अशा लढाया थोड्या असतात. एकांकिका बसवणाऱ्या मुलांनाही मी हेच तीन प्रश्न सुचवीन, मग त्यांच्या संहितेत तलवार असो वा नसो.

सातवी पायरी: जागा आणि संकलन

वूश्याला आजचं रूप देणाऱ्यांत किंग हू यांचं नाव फार वरचं. 1932 साली बीजिंगमध्ये जन्म, 1949 मध्ये हाँगकाँग, पुढे शॉ ब्रदर्समध्ये 'कम ड्रिंक विथ मी' (1966) आणि मग तैवानला जाऊन 'ड्रॅगन इन' (1967). खाणावळ हे त्यांचं आवडतं नेपथ्य. जिने, माडी, खांब, बाकडी आणि चारी बाजूंना बसलेली अनोळखी माणसं. 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेई-पेई एका टेबलाशी शांत बसते आणि गुंड हळूहळू भोवती गोळा होतात. त्या मोठ्या चौकटीत फक्त तीच स्थिर आहे, आणि भीती गुंडांच्या हालचालीत दिसते. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे, दाराकडे कुणाची पाठ आहे, हे टिपत गेलात तर पहिला वार कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो.

त्यांच्याच 'अ टच ऑफ झेन'मध्ये पहिली लढाई येईपर्यंत जवळजवळ एक तास जातो. त्या तासात एक ओसाड वाडा, गवत आणि संशय यांशिवाय फारसं काही नाही. कंटाळू नका, डोळे तयार होण्यासाठीच तो वेळ आहे. मग बांबूच्या बनातली लढाई येते. हान यिंग-चिएह यांनी ती बसवली आहे, आणि तेही ऑपेरातून आलेले. किंग हू इथे चित्रांचे तुकडे इतके लहान करतात की झेप पूर्ण दिसतच नाही. वर काहीतरी हललं, कापड फडफडलं, आणि माणूस खाली पोचलेला. डोळ्याला जे पकडता आलं नाही, त्याला आपण वेग म्हणतो. या चित्रपटाला 1975 साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला.

याच्या दुसऱ्या टोकाला होऊ श्याओ-श्येन यांचा 'द असॅसिन' (2015) आहे. थांग राजवटीतली मारेकरी मुलगी, शू छी यांनी केलेली. ती जवळजवळ बोलतच नाही. दीर्घ दृश्यं, झुळझुळते पडदे आणि पडद्याआड उभी राहून ऐकणारी ती. सुरुवातीच्या कृष्णधवल भागात ती एका माणसाला मारायला जाते आणि त्याच्याजवळ त्याचं लहान मूल पाहून मागे फिरते. पुढचा सगळा चित्रपट त्या मागे फिरण्यात आहे. हा मात्र सगळ्यात शेवटी बघा. सुरुवातीलाच लावलात तर नक्की झोपाल, आणि त्यात चूक चित्रपटाची नसेल.

आठवी पायरी: आता मालिका

एवढं झालं की 'निर्वाणा इन फायर' (2015) घ्या. 54 भाग आहेत. तिचा नायक मेई चांगसू कधीकाळी तरुण सेनानी होता. आता चेहरा बदललेला, शरीर खंगलेलं, तलवार धरणं अशक्य. युद्धपटातला नायक म्हणून असा माणूस उभा करायचा, तर नटाजवळ उरतं काय? हू ग यांनी तो शाल, शेगडीजवळचे हात आणि श्वास यांवर उभा केला आहे. विचारात असताना तो बोटांनी वस्त्र चोळतो. ही सवय त्याच्या जुन्या आयुष्यातली आहे. ती पहिल्यांदा दिसेल तेव्हा टिपून ठेवा. चेहरा बदलला तरी बोटं बदललेली नाहीत, आणि त्याला ओळखणाऱ्यांसमोर हा धोका आहे. चित्रपटात पेला एकदाच पडतो. मालिकेत तीच खूण वीस-पंचवीस भाग जपून, योग्य वेळी वापरता येते.

म्हणून कळकळीनं सांगते, मालिका दीडपट वेगानं बघू नका. संवाद कळतील, पण बोटं निसटतील. रोज एकच भाग बघा, आणि प्रत्येक पात्राची एक सवय वहीत लिहा. दहा भागांनंतर उपशीर्षकाआधीच पात्राचं मन कळायला लागतं. याच वाटेवर पुढे 'मिस्टीरियस लोटस केसबुक' (2023) आहे, 40 भागांची. तिच्यातही पहिल्या दर्जाचा तलवारबाज सगळं गमावून साध्या वैद्यासारखा जगतो आहे.

आणि मग पुन्हा पहिल्या चित्रपटाकडे

'कम ड्रिंक विथ मी' केलं तेव्हा चेंग पेई-पेई विशीच्या आसपास होत्या. 34 वर्षांनी त्यांनी 'क्राउचिंग टायगर'मध्ये जेड फॉक्स केली. या बाईला बाई असल्यामुळे विद्या नाकारली गेली. तिनं युद्धकलेचा ग्रंथ चोरला, पण अक्षरओळख नसल्यामुळे ती फक्त आकृत्या बघून शिकली. जिला तिनं शिकवलं, ती ज्याओलोंग अक्षरं वाचून तिच्या पुढे निघून गेली, आणि वर्षानुवर्षं ते लपवत राहिली. एके काळची खाणावळीतली ती शांत, निर्भय तरुणी आता दुसऱ्याच्या घरात नोकराणीच्या वेषात राहते आहे.

सगळं माहीत झाल्यावर चित्रपट तिसऱ्यांदा लावा आणि या वेळी तिच्यासाठी बघा. ज्याओलोंग पुढे बसून बोलत असते, पाहुणे येतात जातात, आणि ती मागे कडेला उभी असते. चौकटीत जवळजवळ नसल्यासारखी, मान खाली घालून. तिचे हात बघा.